कॅडमियम टेल्युराइडची फिल्म: १ सेंटिमीटरवरून ३० सेंटिमीटरवर जाताना

१ सेंटिमीटर बाजूच्या काचेवर कॅडमियम टेल्युराइड या सौरघटांत वापरल्या जाणाऱ्या अर्धवाहकाची फिल्म विद्युत-निक्षेपणाने, म्हणजे द्रावणातून वीज सोडून, छान बसवता येते. बीकर, तीन इलेक्ट्रोड, विभव (व्होल्टेज) ठरल्याप्रमाणे राखणारा पोटेन्शिओस्टॅट आणि ८५ अंश सेल्सिअसला ठेवलेला आम्लधर्मी बाथ (द्रावण) एवढंच लागतं. काही तासांत काचेवर गडद करडा, चकचकीत थर दिसू लागतो. आता तोच बाथ, तेच तापमान आणि तेच विभव ठेवून ३० सेंटिमीटर बाजूची काच बुडवायची आहे. काय बिघडेल, किती बिघडेल, आणि ते काच बुडवण्याआधी कागदावर सांगता येईल का?

सांगता येतं. आणि या बाबतीत कागदावरच सांगावं लागतं, कारण इथला बिघाड नेहमीच्या मोजमापांत सापडत नाही. जाडी मोजली तर सगळीकडे सारखी भरते. क्ष-किरण विवर्तनात अपेक्षित शिखरं मिळतात. मूलद्रव्यांचं प्रमाण तपासलं तर ५०:५०. तरीही काचेच्या एका भागावर केलेला सौरघट दुसऱ्या भागावरच्या घटासारखा वागेलच असं नाही. तो का वागणार नाही, याचा हिशेब खाली मांडला आहे.

प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात फर्डिनंड क्रोगर यांच्या गटाने १९७८ साली पाण्यातल्या द्रावणातून कॅडमियम टेल्युराइड कॅथोडवर कसं बसवावं हे प्रसिद्ध केलं, आणि त्याच वर्षी क्रोगर यांनी अशा दोन मूलद्रव्यांच्या संयुगांच्या निक्षेपणाचा सर्वसाधारण सिद्धांतही मांडला. पुढे हे तंत्र मोनोसोलर या कंपनीकडून सोहायो या तेलकंपनीमार्गे बीपी या ब्रिटिश तेलकंपनीकडे गेलं. बीपीने कॅलिफोर्नियातल्या फेअरफिल्डला त्याचा कारखाना उभा केला. जवळपास अर्धा चौरस मीटर क्षेत्राचे, १० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेचे मॉड्यूल तिथे बनले, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये कंपनीने हे काम थांबवल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या पद्धतीवर बरंच काम झालं आहे. सी. डी. लोखंडे आणि एस. एच. पवार यांचा १९८९ सालचा अर्धवाहक फिल्मच्या विद्युत-निक्षेपणावरचा आढावा-लेख या विषयात शिरणाऱ्या अनेकांच्या हातून गेलेला असतो.

बाथमध्ये काय आहे

हिशेबासाठी धरलेला बाथ असा: लिटरमागे अर्धा मोल कॅडमियम सल्फेट, सामू २ च्या आसपास, आणि टेल्युरियम डायऑक्साइड विरघळवून मिळालेलं टेल्युरियम लिटरमागे फक्त ५० मायक्रोमोल. म्हणजे कॅडमियम टेल्युरियमच्या १०,००० पट. काचेवर आधीपासून पारदर्शक वाहक ऑक्साइडचा थर आहे आणि त्यावर कॅडमियम सल्फाइडचा पातळ थर. ऑक्साइडचा पत्रक-रोध (थरातून आडव्या जाणाऱ्या प्रवाहाला होणारा रोध) प्रति चौकोन १० ओहम. फिल्म दीड मायक्रोमीटर जाड हवी.

टेल्युरियम इतकं कमी का, हे नवख्याला खटकतं. एक कारण साधं आहे: टेल्युरियम डायऑक्साइड या सामूला फारसं विरघळतच नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. टेल्युरियम हे दोघांपैकी जास्त 'उच्च', म्हणजे जास्त सहज बसणारं, मूलद्रव्य आहे. त्याचं प्रमाणित विभव हायड्रोजनच्या तुलनेत अधिक ०.५५ व्होल्टच्या आसपास, तर कॅडमियमचं उणे ०.४०. कॅडमियम बसवण्यासाठी विभव जिथवर खाली न्यावं लागतं, तिथे टेल्युरियम कधीच मोकाट सुटलेलं असतं. पृष्ठभागाशी येईल तो प्रत्येक आयन लगेच बसणार. त्याला आवर घालायचा एकच मार्ग आहे: तो येण्याचा वेगच मर्यादित ठेवायचा. म्हणून बाथ मुद्दाम टेल्युरियमने गरीब ठेवतात.

मग प्रत्येक टेल्युरियम अणूला बरोबर एकच कॅडमियम अणू का मिळतो? कॅडमियम तर १०,००० पट आहे. या प्रश्नाचं उत्तर हाच क्रोगर यांच्या सिद्धांताचा गाभा आहे, आणि मला तो या विषयातला सगळ्यांत सुंदर भाग वाटतो.

अर्ध्या व्होल्टचा पट्टा

कॅडमियम आणि टेल्युरियम एकत्र आले की मोलमागे सुमारे ९२ किलोज्यूल मुक्त ऊर्जा सुटते. कॅडमियमला दोन इलेक्ट्रॉन लागतात, तेव्हा या ऊर्जेला दोन फॅराडेने (एक फॅराडे म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार) भागलं की ०.४८ व्होल्ट मिळतात. याचा अर्थ असा की समोर टेल्युरियम असेल तर कॅडमियम आपल्या नेहमीच्या विभवाच्या ०.४८ व्होल्ट आधीच बसायला तयार होतो. टेल्युरियम नसेल तिथे तो बसत नाही, बसला तरी परत विरघळतो. आपल्या बाथमध्ये शुद्ध कॅडमियमची रेषा उणे ०.४१ व्होल्टपाशी येते आणि संयुगाची सुरुवात अधिक ०.०७ पाशी. या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात विभव ठेवलं की टेल्युरियम जेवढं येईल तेवढंच कॅडमियम सोबत बसतं. प्रमाण आपोआप सांभाळलं जातं.

हे पडताळायची एक सोपी खूण आहे. टेल्युरियम आयनाला चार इलेक्ट्रॉन लागतात, संयुगाच्या एका रेणूला एकूण सहा. विभव हळूहळू उणे बाजूला नेत गेलं की प्रवाह आधी चार इलेक्ट्रॉनांच्या पातळीवर सपाट होतो आणि मग दीडपट वाढून पुन्हा सपाट होतो. दोन्ही पातळ्यांवर टेल्युरियम पोचण्याचा वेग तोच असतो, म्हणून हे गुणोत्तर दीडच यायला हवं. ते दीडपेक्षा बरंच वेगळं आलं तर फिल्मकडे वळण्याआधी बाथ आणि रेफरन्स इलेक्ट्रोड तपासावा.

पण संतुलनाचं गणित एवढ्यावर थांबत नाही. पृष्ठभागावरची कॅडमियमची सक्रियता (रासायनिक दृष्टीने परिणामकारक प्रमाण) आणि टेल्युरियमची सक्रियता यांचा गुणाकार ठरलेला असतो. ८५ अंशांना तो येतो सुमारे २५ लाख कोटींत एक इतका लहान. पट्ट्याच्या वरच्या टोकाला टेल्युरियमची सक्रियता जवळपास १ आणि कॅडमियमची नगण्य. खालच्या टोकाला उलट. मध्ये विभव जसजसं सरकतं तसतशी कॅडमियमची सक्रियता दर ३५.५ मिलिव्होल्टला दहापट बदलते. ही संख्या लक्षात ठेवावी, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

संयुगाचं प्रमाण या सबंध पट्ट्यात ५०:५०च दिसतं, कारण आपली उपकरणं टक्क्याच्या आसपासचा फरक मोजतात. अर्धवाहकाचं वागणं मात्र त्याहून कितीतरी लहान फरकांवर चालतं. स्फटिकात कॅडमियमच्या किती जागा रिकाम्या राहिल्या, किती कॅडमियम अणू जास्तीचे घुसले, हे वाढ होताना कॅडमियमची सक्रियता किती होती त्यावर ठरतं. क्रोगर हे मुळात स्फटिकदोषांच्या रसायनशास्त्रातले. क्रोगर-विंक चिन्हपद्धतीतलं पहिलं नाव त्यांचंच. बाथचं विभव आणि स्फटिकातली रिकामी जागा यांना एकाच समीकरणात बघण्याची दृष्टी त्यांच्याकडे आधीपासून होती. त्यांच्या गटाला विभव बदलून एन (इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणाऱ्या) आणि पी (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांनी वाहणाऱ्या) अशा दोन्ही प्रकारच्या फिल्म मिळाल्या, त्या याच कारणाने.

वेगाचं गणित

संतुलन सांगतं काय शक्य आहे. किती वेगाने, ते सांगत नाही. १९८५ साली एंगेलकेन आणि व्हॅन डोरेन यांनी दोन्ही मूलद्रव्यांसाठी बटलर-व्होल्मर समीकरणं (विभवानुसार निक्षेपणाचा वेग सांगणारी) लिहिली आणि वरचा सक्रियतांचा गुणाकार त्यांना जोडून दिला. तेवढ्यावर त्यांना ५०:५० प्रमाणाचा रुंद सपाट भाग मिळाला. त्याच मांडणीतून एक मर्यादाही दिसते. पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ कॅडमियमला ढकलणारा जोर कमी असतो. टेल्युरियम येतच राहतं, कॅडमियम बसण्याचा वेग त्याला पुरा पडत नाही आणि मोकळं टेल्युरियम थरात अडकतं. म्हणून कागदावरचा अर्ध्या व्होल्टचा पट्टा प्रत्यक्षात वापरायला मिळत नाही. कॅडमियमच्या रेषेच्या जरा वर, जवळच्या १०० मिलिव्होल्टांत राहावं असं मी इथे धरतो. ही मर्यादा प्रत्येकाने आपल्या बाथसाठी लहान काचांवर ठरवून घ्यावी.

आता टेल्युरियम पोचण्याचा वेग. विसरण-गुणांक सेकंदाला २ लाखांश चौरस सेंटिमीटर आणि ढवळलेल्या बाथमध्ये विसरण-थर (काचेलगतचा, आयनांना विसरणानेच ओलांडावा लागणारा द्रावणाचा थर) १०० मायक्रोमीटर धरला, तर सहा इलेक्ट्रॉनांचा मर्यादित प्रवाह चौरस सेंटिमीटरला ५८ मायक्रोअँपिअर येतो. कॅडमियम टेल्युराइडचं मोलर आकारमान ४१ घन सेंटिमीटर. फिल्म तासाला ०.१५ मायक्रोमीटरने वाढते आणि दीड मायक्रोमीटरला १० तास लागतात. या पद्धतीला लोक संथ म्हणतात, त्या संथपणाचं मूळ या एका ओळीत आहे. विभव वाढवून तो दूर होत नाही, कारण टेल्युरियमच्या रांगेवर विभवाचा काही अधिकार नाही.

मोठी काच

लहान काचेवर वाहक ऑक्साइड ही सगळीकडे सारख्या विभवाची पाटी समजली तरी चालतं. मोठ्या काचेवर तसं चालत नाही. विजेची जोडणी देणारा चिमटा एका कडेला लावलेला आहे आणि प्रवाह ऑक्साइडच्या पातळ थरातून आडवा धावत त्या कडेपर्यंत येतो. वाटेत विभव घसरतं. गावच्या नळाच्या लाइनीत शेवटच्या घरी दाब कमी पडतो, तसंच. प्रवाहघनता सगळीकडे सारखी असली तर दूरच्या कडेची घसरण म्हणजे प्रवाहघनता, पत्रक-रोध आणि लांबीचा वर्ग यांच्या गुणाकाराचं निम्मं.

लांबीचा वर्ग, हेच इथे महत्त्वाचं. १ सेंटिमीटरच्या काचेवर ही घसरण येते ०.२९ मिलिव्होल्ट, कुणाच्या लक्षातही येणार नाही. ३० सेंटिमीटरच्या काचेवर ती ९०० पट, म्हणजे ०.२६ व्होल्ट. वापरण्याजोग्या १०० मिलिव्होल्टांच्या अडीच पटींहून जास्त. आणि दर ३५.५ मिलिव्होल्टला दहापट या हिशेबाने दोन कडांमधल्या कॅडमियमच्या सक्रियतेत सुमारे दोन कोटी पट फरक.

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. ०.२६ व्होल्टची घसरण असूनही जाडी सारखी येते, कारण जाडी ठरवणारं टेल्युरियम सगळीकडे त्याच वेगाने पोचतं. जाडी विभवाला जुमानत नाही, ती ढवळण्याला जुमानते. एखाद्या कोपऱ्यात विसरण-थर २० टक्क्यांनी पातळ झाला, तर तिथे फिल्म सव्वापट वाढेल. म्हणून जाडीचा नकाशा काढून 'फिल्म एकसारखी आहे' म्हणणं म्हणजे फक्त 'ढवळणं एकसारखं आहे' म्हणणं. विभवाची परीक्षा त्यात झालेलीच नसते.

दूरच्या कडेला विभव कमी पडतं, तर चिमट्याकडचं विभव आणखी खाली न्यावं, हा सहज सुचणारा उपाय आहे. तो करू नये. चिमट्याची कड कॅडमियमच्या रेषेखाली गेली की तिथे शुद्ध कॅडमियम बसू लागतं, आणि त्याला कुणी अडवत नाही. टेल्युरियमचा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजायचा, तर या बाथमधल्या कॅडमियमचा मर्यादित प्रवाह चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ०.२ अँपिअर. कडेला खरबरीत करडा धातू चढतो, एकूण प्रवाह वाढतो, चिमट्याच्या संपर्कातली आणि तारांतली घसरणही वाढते. जी कड वाचवायची होती तिला काहीच मिळत नाही आणि चांगली कड हातची जाते.

लागू पडणारा उपाय चिमट्यात आहे. समोरासमोरच्या दोन्ही कडांना संपर्क दिला की सगळ्यांत दूरची जागा म्हणजे मधली रेषा. अंतर निम्मं झालं, घसरण चौथाईवर आली: ६५ मिलिव्होल्ट. कड कॅडमियमच्या रेषेच्या २० मिलिव्होल्ट वर ठेवली तर मधली रेषा ८५ वर पडते. संपूर्ण काच १०० च्या आत बसते. कॅडमियमच्या सक्रियतेत कड आणि मध्य यांच्यात अजूनही सुमारे ७० पट फरक राहतो, पण दोन कोटींवरून ७० वर येणं ही मोठी सुधारणा आहे. निक्षेपणानंतर कॅडमियम क्लोराइड लावून फिल्म ४०० अंशांच्या आसपास भाजतात आणि एन प्रकारची फिल्म त्यात पी होते. उरलेला फरक त्या भाजणीत किती मिटतो, ते या मॉडेलच्या कक्षेबाहेरचं आहे आणि कड व मध्य इथल्या घटांची तुलना करूनच बघावं लागेल.

दहा तासांत बदलत जाणारं

वरचा हिशेब एका क्षणाचा आहे. फिल्म वाढते तसा तिचा स्वतःचा रोध मध्ये येतो. रोधकता दहा लाख ओहम-सेंटिमीटर धरली तर दीड मायक्रोमीटरच्या फिल्मपार ९ मिलिव्होल्ट पडतात. दहापट धरली तर ८७. पोटेन्शिओस्टॅटवरचा आकडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच असतो, पृष्ठभागाचं विभव मात्र हळूहळू वर सरकत असतं.

यावर क्रोगर यांच्या गटाने वापरलेली युक्ती आजही उपयोगी आहे. प्रवाह क्षणभर तोडायचा आणि लगेच विभव वाचायचं. रोधामुळे पडणारी घसरण प्रवाहासोबत तत्काळ नाहीशी होते आणि जे वाचायला मिळतं ते पृष्ठभागाच्या सक्रियतेचं विभव. त्याला अर्ध-विराम विभव म्हणू. तेच स्थिर राहील अशा बेताने लावलेलं विभव थोडं थोडं खाली आणत जायचं. लहान काचेवर हे सरळ चालतं. मोठ्या काचेवर एक अडचण आहे: प्रवाह तुटला तरी कड आणि मध्य यांची विभवं वेगळी असतात, ती ऑक्साइडमधून एकमेकांत मिसळू लागतात आणि मीटर दोहोंची सरासरी दाखवतो. म्हणून काचेच्या मधल्या पट्ट्यात ऑक्साइड खरवडून एक छोटा तुकडा वेगळा करावा, त्याला स्वतंत्र तार द्यावी आणि मध्याचं विभव त्याच्यावर वाचावं. त्या तुकड्याला आजूबाजूच्या काचेइतकंच विभव द्यावं लागतं, तेव्हा थोडी जुळवाजुळव आहे, पण हाती येणारी माहिती त्या कष्टाच्या मोलाची आहे.

टेल्युरियमचा साठाही पुरत नाही. या एका काचेवर दीड मायक्रोमीटर फिल्म म्हणजे ०.७९ ग्रॅम संयुग, त्यात टेल्युरियम ०.४२ ग्रॅम. २० लिटरच्या टाकीत एकूण विरघळलेलं टेल्युरियम आहे ०.१३ ग्रॅम. म्हणजे टाकी तीनदा रिकामी व्हायला हवी. बीकरमधल्या लहान काचेला ही टंचाई इतकी जाणवत नाही. इथे मात्र भर सतत घालावी लागते, आणि किती घालायची ते विद्युतभार सांगतो: सहा फॅराडेमागे एक मोल टेल्युरियम. काचेचा एकूण प्रवाह ५२ मिलिअँपिअर. भार मोजणाऱ्या मीटरला डोसिंग पंप जोडला की झालं. भर घालायला उशीर झाला तर वाढ मंदावते आणि गंमत म्हणजे त्या वेळात आडवी घसरणही कमी होते, म्हणजे मध्यातली सक्रियता थराच्या जाडीत खालून वर बदलत जाते. नुसतं उशिरा टेल्युरियम घातल्याने फिल्म दोन्ही दिशांनी असमान होऊ शकते.

६० सेंटिमीटरचं काय

दोन्ही कडांना चिमटे लावूनही ६० सेंटिमीटरला घसरण पुन्हा ०.२६ व्होल्टवर जाते. टेल्युरियम कमी करून प्रवाह चौथाईवर आणला तर ती ६५ मिलिव्होल्टवर येईल, पण वेळ १० तासांवरून ४० वर जाईल. घसरण प्रवाहाच्या सम प्रमाणात, वेळ व्यस्त प्रमाणात. दोन्हींचा गुणाकार प्रवाहावर अवलंबूनच नाही. तो ठरतो फिल्मची जाडी, पत्रक-रोध आणि रुंदीचा वर्ग यांच्यावर. म्हणून टेल्युरियम, ढवळणं किंवा विभव बदलून ही कोंडी फुटत नाही. पत्रक-रोध ५ ओहमचा घेतला तर ४० तासांचे २० होतात, पण ऑक्साइड जाड झाल्याने काही प्रकाश त्यातच अडतो. काचेच्या मधून धातूची बारीक पट्टी ओढून तिलाही संपर्क दिला तर ६० सेंटिमीटरची काच पुन्हा दोन ३० सेंटिमीटरच्या काचांसारखी वागते. ती पट्टी मॉड्यूलमधल्या घटांच्या दोन ओळींमधल्या, तशाही वाया जाणाऱ्या जागेत बसवता येते. मला या तिन्हींत पट्टीचा मार्ग बरा वाटतो. वेळ मात्र १० तासांच्या खाली येत नाही, आणि उत्पादन वाढवायचं तर एका टाकीत अनेक काचा शेजारी शेजारी टांगाव्या लागतात, प्रत्येकीला आपापला विभव-नियंत्रक देऊन.